बायबलमधला दिवस कधी लागतो? वेळेची वचनं वाचायची कशी

गुड फ्रायडेच्या आठवड्यात आमच्या जालन्यातल्या घरप्रार्थनेत अकरावीतल्या एका पोरानं विचारलं, "काका, प्रभूला शुक्रवारी संध्याकाळी कबरेत ठेवलं न रविवारी पहाटे कबर रिकामी, मग मत्तय १२:४० मध्ये प्रभू भूमीच्या पोटात राहायचे म्हणतात ते तीन दिवस आणि तीन रात्री कुठं बसवायच्या?" पोरगं वाद घालत नव्हतं, खरंच बोटं मोजून बसलं होतं. मोठी माणसं म्हणाली, विश्वास ठेव बाळा. विश्वास तर ठेवायचाच, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते शास्त्रातच आहे, फक्त आपण आपलं घड्याळ घेऊन आत शिरतो म्हणून ते दिसत नाही. त्या पोरासाठी जे वहीत काढून दिलं तेच इथं सविस्तर लिहायलोय, घरी बायबल उघडून बाजूला ठेवा आणि एकेक वचन काढत चला.

आधी आपल्याच गल्लीकडं बघा. मोबाईलवर तारीख बदलते रात्री बाराला. पण आजीला विचारा, ती म्हणते सूर्य उगवेपर्यंत कालचाच वार, पंचांगात वार सूर्योदयापासून धरतात. आणि शेजारच्या भाभीचा दिवस सूर्य बुडाला की बदलतो. ईदच्या आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला की चांदरात, म्हंजे नवीन महिना तिथंच लागला. गुरुवारला त्यांच्यात जुमेरात म्हणतात, जुम्म्याची रात, कारण गुरुवारी मावळतीनंतरची रात्र शुक्रवारची धरलेली. एकाच गल्लीत दिवसाच्या तीन सुरुवाती आहेत आणि आपण रोज त्यात वावरतो, कुणाचा गोंधळ होत नाही कारण कोण बोलतंय ते आपल्याला माहीत असतं. बायबल वाचताना पण एवढंच करायचं, वेळेचा शब्द आला की आधी विचारायचं की हा कुणाचा दिवस आहे.

यहुदी लोकांचा सणाचा आणि शब्बाथाचा, म्हंजे शनिवारच्या विश्रांतीचा, दिवस भाभीच्या दिवसासारखा, मावळतीपासून मावळतीपर्यंत. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात प्रत्येक दिवसाच्या शेवटी आधी संध्याकाळ येते न मग सकाळ. लेवीय २३:३२ मध्ये तर एकदम स्पष्ट आहे, प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला, पण पाळायचा कधीपासून तर नवव्या तारखेच्या संध्याकाळपासून ते दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. बेखमीर भाकरीच्या सणाचं पण तसंच, निर्गम १२:१८ बघा, चौदाव्याच्या संध्याकाळपासून एकविसाव्याच्या संध्याकाळपर्यंत. नहेम्या १३:१९ मध्ये शब्बाथाच्या आधी यरुशलेमच्या वेशींवर अंधार पडायला लागला तसे दरवाजे बंद करायला लावले, शनिवारच्या सकाळी नाही, शुक्रवारी दिवस बुडताना.

आता वहीत एक आडवी रेघ मारा. तिच्यावर गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार लिहा आणि प्रत्येक संध्याकाळी सहाच्या आसपास एक उभी रेघ पाडा. ही उभी रेघ म्हंजे नवीन दिवस लागला. "लागला" हा आपला शब्द इथं फार कामाचा आहे, चतुर्थी कधी लागते, अमावस्या कधी लागते असं आपण म्हणतोच ना, तसाच शब्बाथ लागतो. लूक २३:५४ मध्ये शब्बाथ सुरू व्हायच्या बेतात होता असं आहे, तिथं मूळ ग्रीक क्रियापद उजाडण्याचं आहे, पण वेळ संध्याकाळची. वाचणारा गोंधळतो की संध्याकाळी कसं काय उजाडलं, तर शब्बाथ लागत होता असं मनात म्हणा, लगेच उलगडतं.

ती रेघ हातात आली की सरावाला मार्क १ घ्या. २१ व्या वचनात कफर्णहूममध्ये शब्बाथ आहे, प्रभू सभास्थानात शिकवतायत. ३२ व्या वचनात संध्याकाळ होऊन सूर्य मावळल्यावर लोक आजारी माणसं घेऊन आले. सूर्य मावळल्यावरच का आले? शब्बाथात खाटेवरचा माणूस उचलून आणणं म्हंजे ओझं वाहणं, म्हणून लोक दिवसभर थांबले आणि दिवस बुडाल्या बुडाल्या सगळं गाव दाराशी. मार्कानं मावळल्याचं मुद्दाम लिहिलंय, आपण मात्र ते वाक्य वातावरणाचं वर्णन समजून पुढं जातो.

मग मार्क १५:४२ ते १६:२ सलग वाचा. संध्याकाळ झाली होती, तयारीचा दिवस होता म्हंजे शब्बाथाच्या आदला दिवस, अरिमथाईकर योसेफ प्रभूचं शरीर मागायला रोमी सुभेदार पिलाताकडं धाडस करून गेला. त्याला एवढी घाई कशाची? अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या २१:२३ प्रमाणं झाडावर टांगलेल्याचं शरीर रात्रभर ठेवायचं नाही, त्याच दिवशी पुरायचं, आणि तो दिवस संपायला तासभर दोन तास उरले असतील. त्यानंतर १६:१ मध्ये शब्बाथ संपल्यावर बायांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली आणि १६:२ मध्ये अगदी पहाटे, सूर्य उगवल्यावर कबरेकडं गेल्या. या दोन वेगवेगळ्या वेळा आहेत. आपण एकाच दमात वाचतो न समजतो की रविवारी सकाळी दुकानात जाऊन मग कबरेकडं गेल्या, पण शब्बाथ शनिवारी मावळतीला संपला, म्हंजे खरेदी शनिवारच्या रात्री झाली असणार आणि रात्रभर त्या बायांनी ते घरात ठेवून उजाडायची वाट बघितली. मला तरी ती रात्र कळल्यापासून ईस्टरची पहाट वेगळीच वाटते.

अजून एक गोष्ट रेघेवरच दिसते. गुरुवारच्या मावळतीनंतरचं शेवटलं भोजन, बागेतली प्रार्थना, अटक, पेत्राचं नाकारणं, पिलातापुढचं सगळं, वधस्तंभ आणि कबर हे सगळं त्यांच्या हिशोबानं एकाच दिवसात बसतं. आपल्याला गुरुवार न शुक्रवार असे दोन वार लागतात. म्हणून मार्क १४:३० मध्ये प्रभू पेत्राला सांगतात आज, याच रात्री, कोंबडा दोनदा आरवायच्या आधी. रात्र लागली तेव्हाच तो "आज" लागलेला.

पण सगळीकडं मावळती चालवू नका

इथं बरेच जण घसरतात. मावळतीचा नियम एकदा कळला की माणूस तो जिथंतिथं लावत सुटतो, आणि शास्त्रात लोक आपल्यासारखेच बोलतात, एक बोलणं सणाचं आणि एक रोजचं. १ शमुवेल १९:११ मध्ये मीखल आपल्या नवऱ्याला, दावीदाला, म्हणते, आज रात्री जीव वाचवला नाही तर उद्या मारला जाशील. मावळतीचा हिशोब असता तर रात्र आणि सकाळ एकाच दिवसात, तिनं उद्या म्हणलंच नसतं. अर्पणाच्या मांसाचं लेवीय ७:१५ मध्ये बघा, ज्या दिवशी अर्पण त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत उरवायचं नाही, तिथं रात्र आदल्या दिवसाच्या मागं जाते. यहुदी रब्बींनीसुद्धा, म्हंजे त्यांच्या धर्मगुरूंनी, हे धरलंय, मंदिरातल्या पवित्र गोष्टींत रात्र दिवसाच्या मागून येते असं ते शिकवायचे. आणि योहान २०:१९ मध्ये "त्याच दिवशी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, संध्याकाळी" शिष्य दारं लावून बसलेले. लूकचा २४ वा अध्याय सोबत वाचला की अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य प्रभूसोबत होते, दिवस कलला होता, जेवणाला बसले, मग तिथून परत यरुशलेमला चालत आले, तोवर मावळून गेलेलं असणार. तरी योहान त्याला पहिलाच दिवस म्हणतो.

त्या काळात सगळ्या जगात एक पद्धत नव्हतीच. पहिल्या शतकातला रोमी लेखक प्लिनी लिहून गेलाय की बाबेलचे लोक उगवतीपासून उगवतीपर्यंत दिवस धरतात, अथेन्सचे मावळतीपासून मावळतीपर्यंत, इटलीतल्या उंब्रियाचे दुपारपासून दुपारपर्यंत, रोमचे याजक आणि सरकारी दिवस ठरवणारे मध्यरात्रीपासून, आणि साधा माणूस सगळीकडं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत.

म्हणून प्रेषितांची कृत्ये २०:७ वर मी पक्कं बोलत नाही. त्रोवसमध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले, पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, युतुख खिडकीतून पडला, पौल उजाडल्यावर निघाला. यहुदी हिशोब धरला तर ही शनिवारची रात्र, रोमी किंवा साधा हिशोब धरला तर रविवारची. लूक म्हणतो पौल "दुसऱ्या दिवशी" निघणार होता, त्यावरून मला रविवारची रात्र जास्त जवळची वाटते, कारण शनिवारची असती तर पहाट त्याच दिवसात येते. पण कुणी शनिवार म्हणालं तर त्याच्याशी भांडू नका, विद्वानांत दोन्ही बाजू आहेत.

तास

आता तासाचं. एका उपदेशात मी स्वतः ऐकलंय की प्रभूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटचे मजूर अकरा वाजता आले, आणि ऐकणाऱ्यांच्या डोक्यात सकाळचे अकरा. मत्तय २० मधला अकरावा तास म्हंजे संध्याकाळचे पाच. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत बारा तास, योहान ११:९ मध्ये प्रभूच विचारतात की दिवसाचे तास बारा नाहीत काय. तिसरा तास नऊ वाजता, सहावा दुपारी बारा, नववा तीन. सोपी युक्ती अशी की तासाच्या आकड्यात सहा मिळवा, अकरा अधिक सहा सतरा, म्हंजे पाच. काही मराठी भाषांतरांत तिसरा तास असं ठेवलंय, काहींत सरळ सकाळचे नऊ लिहिलंय, म्हणून आपली प्रत कोणती ते बघूनच मिळवा, नाहीतर आधीच बदललेल्या आकड्यात परत सहा मिळवून बसाल.

सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहिलेल्या माणसाला हा दाखला समजवावा लागत नाही. पाच वाजता सुद्धा तिथं उभा असलेला माणूस म्हंजे ज्याला दिवसभर कुणी नेलं नाही. आणि मालकानं संध्याकाळ होताच मजुरी वाटली ते काही उगाच नाही, अनुवाद २४:१५ सांगतं की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची. दिवस मावळतीला संपतो, मग मजुरी उद्यावर ढकलायची नाही. मला वाटतं मजुरांच्या वस्तीत हा दाखला सांगताना हे वचन सोबत वाचलंच पाहिजे.

हा तास साठ मिनिटांचा नेहमीच नसायचा. उजेडाचे बारा भाग म्हणून उन्हाळ्यात तास मोठा, हिवाळ्यात लहान. यरुशलेमला उन्हाळ्यातला मोठा दिवस सव्वाचौदा तासांच्या आसपास, म्हंजे एक तास साधारण ७० मिनिटांचा, आणि हिवाळ्यात दिवस दहा तासांचा, तर तास ५० मिनिटांचा. आपल्याकडं हा फरक कमी आहे म्हणून आपल्या लक्षात येत नाही. वल्हांडण, म्हंजे मिसरातून सुटकेचा यहुदी सण, मात्र दिवस-रात्र जवळपास सारखे असताना येतो, म्हणून दुःखसहनाच्या वचनांना नऊ, बारा, तीन हा हिशोब बरोबर बसतो. मंदिरात दुपारचं अर्पण न प्रार्थनेची वेळ नववा तास, प्रेषित ३:१ मध्ये पेत्र न योहान त्याच वेळी वर चाललेत, रोमी अधिकारी कर्नेल्याला दर्शन पण नवव्याच तासाला, आणि मार्क १५:३४ मध्ये प्रभूनं मोठ्यानं आरोळी मारली ती वेळ पण हीच. प्रेषित १०:९ मध्ये पेत्र सहाव्या तासाला छपरावर प्रार्थनेला गेला न त्याला भूक लागली. ज्यांनी माळवदाचं घर बघितलंय त्यांना सपाट छपरावर जाऊन बसणं सांगायला नको, आणि बारा वाजता भूक लागणार नाही तर कधी.

विहिरीवरच्या शोमरोनी बाईचं वचन, योहान ४:६, सहावा तास, म्हंजे ऐन दुपार. आपल्याकडं दुष्काळात हंडे घेऊन कोण कधी निघतं ते सगळ्यांना माहितीय, टँकर आला तर दुपारी पण पळावं लागतं, नाहीतर बाया सकाळी किंवा दिवस कलल्यावरच जातात. त्यावरून बरेच उपदेशक म्हणतात की ती लोकांच्या नजरा टाळायला दुपारी आली. असेलही, पण शास्त्र तसं लिहीत नाही, तिथं तासाआधी फक्त एवढंच आहे की प्रभू प्रवासानं थकून बसले होते. वेळेवरून एवढंच घ्या की ऊन होतं न तहान खरी होती. बाईच्या मनातलं कारण आपण घालू नये.

योहानातल्या तासावर अजून एक गाठ आहे. मार्क १५:२५ मध्ये तिसऱ्या तासाला वधस्तंभावर खिळलं आणि योहान १९:१४ मध्ये सुमारे सहाव्या तासाला अजून पिलातासमोरच. काही जण म्हणतात योहान रोमी पद्धतीनं मध्यरात्रीपासून तास मोजतो, म्हंजे सकाळचे सहा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण रोमी लोकांचा सरकारी दिवस मध्यरात्री लागत असला तरी उन्हाच्या घड्याळावर तास ते पण उगवतीपासूनच मोजायचे, दुपार म्हंजे त्यांचाही सहावा. दुसरं स्पष्टीकरण असं की मनगटावर घड्याळ कुणाच्याच नव्हतं, लोक दिवसाचे मोठे तुकडे धरायचे, आणि योहान "सुमारे" लिहितो. मला दुसरं जास्त पटतं. तरी दोन्ही सांगा आणि ऐकणाऱ्याला विचार करू द्या.

रात्रीच्या प्रहरांत मराठी वाचकाला फायदा पण आहे न फसगत पण. आपला प्रहर तीन तासांचा, रात्रीचे चार. मत्तय १४:२५ मध्ये प्रभू पाण्यावरून चालत आले ते रात्रीच्या चौथ्या प्रहरी, नव्या करारातले प्रहर रोमी पद्धतीनं चारच, म्हंजे पहाटे तीन ते सहा, आपल्या चौथ्या प्रहराशी तंतोतंत. मार्क १३:३५ मध्ये चारही आहेत, संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, सकाळ. पण जुन्या करारात इस्राएल लोकांचे पहारे तीनच होते. शास्ते ७:१९ मध्ये गिदोन मधल्या पहाऱ्याच्या सुरुवातीला शत्रूच्या छावणीवर गेला, मधला म्हणलं की तीनच आले, प्रत्येक चार तासांचा, म्हंजे रात्री दहाच्या सुमारास, नुकतेच पहारेकरी बदललेले. तिथं आपला प्रहर लावला तर हिशोब चुकतो.

आता त्या पोराचा प्रश्न

दिवस मोजताना ते लोक सुरुवातीचा दिवस पण धरायचे, आणि तुकडा असला तरी पूर्ण धरायचे. आपण पण असंच करतो. आठवडी बाजारात व्यापारी म्हणतो "आठ दिवसांनी या", म्हंजे पुढच्या याच वारी, सात दिवसांनी. योहान २०:२६ मध्ये "आठ दिवसांनी" शिष्य परत घरात होते, म्हंजे पुढचा रविवार, मराठी माणसाला त्यात काही अडायलाच नको. कुणी गेलं की दहावा, तेरावा मोजतात तो गेलेला दिवस धरूनच, मग तो माणूस रात्री नऊला का गेला असेना.

आता शास्त्रातून बघा. एस्तेर ४:१६ मध्ये राणी म्हणते तीन दिवस, रात्र न दिवस, उपास करा, मग मी राजाकडं जाईन, आणि ५:१ मध्ये ती तिसऱ्याच दिवशी राजाकडं उभी. १ शमुवेल ३०:१२-१३ मधला मिसरी पोरगा तीन दिवस तीन रात्री उपाशी आणि तो स्वतः सांगतो की आजारी पडून तीन दिवस झाले. २ इतिहास १०:५ मध्ये राजा रहबाम म्हणतो तीन दिवसांनी या, १२ व्या वचनात लोक तिसऱ्या दिवशी आले, राजानं सांगितल्याप्रमाणं. मत्तय २७:६३-६४ तर एकाच श्वासात आहे, याजक म्हणतात तो "तीन दिवसांनंतर" उठेन म्हणाला होता, म्हणून "तिसऱ्या दिवसापर्यंत" पहारा बसवा. त्यांच्या कानाला दोन्ही एकच. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे रब्बी एलाजार बेन अजर्या यांचं वाक्य यरुशलेमच्या तालमुदात, म्हंजे रब्बींच्या शिकवणीच्या जुन्या ग्रंथात, आहे, दिवस न रात्र मिळून एक ओना, आणि ओनाचा काही भाग म्हंजे पूर्ण ओना.

मग वहीतल्या रेघेवर या. शुक्रवारी दुपारी तीन ते मावळती, एक. मावळतीपासून शनिवारच्या मावळतीपर्यंत, दोन. तिथून रविवारच्या पहाटेपर्यंत, तीन. तीन दिवस-रात्रींना स्पर्श झाला, म्हणून त्यांच्या बोलण्यात तीन दिवस तीन रात्री. रविवारी अम्माऊसच्या वाटेवर तो शिष्य लूक २४:२१ मध्ये म्हणतोच की आज तिसरा दिवस आहे. काही विश्वासी बुधवार किंवा गुरुवारी वधस्तंभ धरून पूर्ण बहात्तर तास जुळवतात, मनापासून जुळवतात, पण लूकच्या या वाक्याला मग नीट जागा उरत नाही.

पोरानं वही घेऊन घरी नेली, स्वतः एकेक वचन तपासलं आणि पुढच्या बैठकीला नवीन प्रश्न घेऊन आलं. मार्क १४:१२ प्रमाणं वल्हांडणाचा कोकरा मारायच्या दिवशी भोजनाची तयारी झाली, म्हंजे भोजन वल्हांडणाचं, मग योहान १८:२८ मध्ये शुक्रवारी सकाळी यहुदी पुढारी पिलाताच्या वाड्यात का शिरत नाहीत, वल्हांडण खायचा राहिलाय म्हणून? याला मी त्याला आधी निर्गम १२:६ काढायला लावलं. तिथं कोकरा चौदाव्या तारखेला "दोन संध्याकाळींच्या मध्ये" मारायचा आहे, आणि पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की त्याच्या काळी ते नवव्या तासापासून अकराव्यापर्यंत चालायचं, म्हंजे दुपारी तीन ते पाच. कोकरा चौदाव्याला मारायचा न खायचा मावळतीनंतर, पंधरावा लागल्यावर. आता रेघेवर दोन तारखा वर-खाली लिही, मार्कच्या हिशोबानं शुक्रवार कोणती तारीख आणि योहानच्या हिशोबानं कोणती, असं त्याला सांगितलंय. पुढच्या बुधवारी वही आणणार आहे.